माझा प्रश्न, तिची पीएचडी

पीएचडीच्या मुलाखतीत सरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या वाडीपर्यंत गाडी जाते का?"

मी म्हटलं, पावसाळ्यात नाही जात.

मग त्यांनी माझा आराखडा चाळला. विषय होता वीटभट्टीवर जाणाऱ्या बायकांची गर्भारपणं. "माहिती विचारायची ही पद्धत अनुजाच्या प्रस्तावातही आहे. तुम्ही तिच्याकडून घेतलीत का?"

मी चोर ठरले. माझ्याच आईच्या बोलण्याची चोर.

अनुजा माझ्याबरोबर एमएला होती. कर्जतच्या भिसेगावची. दोन मजली घर, तिला अभ्यासाला वेगळी खोली, फाडफाड इंग्रजी. मला तिचा हेवा वाटायचा. आजही वाटतो, आणि मी तो लपवत नाही. त्या खोलीचा, त्या टेबलाचा, तिचे बाबा प्राध्यापकांना सहज फोन लावतात त्याचा. ती दुष्ट असती तर सोपं गेलं असतं. पण ती डब्यातली पोळीभाजी न मागता पुढे करायची.

एमएला असताना आम्ही दोघी सर्वेक्षणासाठी माझ्या वाडीवर गेलो होतो. फॉर्मवर प्रश्न होता, एकूण गर्भधारणा किती? बायका जगलेली पोरं तेवढी सांगायच्या. माझी आई म्हणाली, "तीन." अनुजानं तीन लिहिलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, असं नाही विचारायचं. आमच्या बायकांना साल आठवत नाही, भट्टी आठवते. दर हंगामाला वेगळी भट्टी. एकेक भट्टी घेऊन विचार.

मग मीच विचारलं. आई, खालापूरच्या भट्टीवर होतीस तेव्हा पोटात कोण होतं? आई बोटांवर मोजत सांगत गेली. "पनवेलच्या भट्टीवर एक पडलं. इटा थापत होते. दुपारी परत थापाया बसले." पुढच्या भट्टीवर आणखी एक. तिनाची पाच झाली. माझी दोन भावंडं गेली हे मला अनुजाबरोबरच कळलं.

निवड यादी लागली. अनुजाचं नाव, फेलोशिपसकट. मला विभागातल्या मॅडमचा फोन आला. "अनुजाला फील्ड असिस्टंट लागणारच आहे. तुमची तिथे ओळख आहे. संशोधनाला विषयापासून अंतर लागतं, ते तुम्हाला नाही जमणार."

मी "बरं" म्हटलं. सवयीनं. त्या "बरं"ची मला अजून चीड येते.

कामाच्या पहिल्याच दिवशी अनुजा आमच्या घरी आली. तिनं आईपुढे संमतीपत्र ठेवलं. "काकू, ते भट्टीचं परत सांगा ना."

आईनं माझ्याकडे बघितलं. "हे तुजं पुस्तक हाय का गं?"

"नाय. तिचं."

आईनं कागद मागे सारला. "मंग नाय सांगत. माजी पोरं हायत ती. माजी लेक लिवंल तवा सांगीन."

अंगठा न लावता ती उठली. माझ्या शिकलेल्या तोंडातून जे निघत नव्हतं, ते ती बोलून गेली होती.

मी म्हटलं, "अनुजा, ही पद्धत कुणाची ते विभागाला लेखी कळव. मी असिस्टंट म्हणून येणार नाही."

ती रडायला लागली. "अगं, पण तू कधी म्हणालीच नाहीस ते तुझं आहे म्हणून."

मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, बरंच वाटलं.

तिनं अजून काही कळवलेलं नाही. मी मात्र विभागाकडे लेखी तक्रार दिली आहे आणि पुढच्या प्रवेशाचा अर्जही लिहून ठेवला आहे. विषय तोच. बायका त्याच. तिचा हेवा गेलेला नाही, आणि मी तो जाऊही देणार नाही. माझी जागा माझ्या हातात येईपर्यंत मला तो लागणार आहे.