चोपदाराच्या हनुवटीवरचा उजेड

आमच्या खानदेशात लग्नघर ओळखायचं ते भिंतीवरून. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन चोपदार रंगवलेले असतात: गुलाबी चेहरा, पिळदार मिशा, हातात दंड. त्यांच्यावर उजेड कुठून पडतो हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. नाकाला सावली नाही, मानेला नाही. लग्नघरात सावलीला आमंत्रणच नसतं.

मी तेव्हा धुळ्याला चित्रकला शिकत होतो. धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, तर तीच म्हणाली, "भाऊ, ते गुलाबी बाहुले नको. तुझ्या मनातला कोणीतरी काढ."

मनातला एक होताच. केळीच्या बागेचा राखणदार, डोक्याला पानाचा तुरा, भुवया फुटलेल्या कपाशीच्या बोंडांसारख्या. दाराच्या दोन्ही अंगांना मी त्यालाच उभा केला आणि पायाशी जणू कंदील ठेवलाय असा उजेड खालून दिला. हनुवटी नारिंगी, गाल निळे, डोळ्यांच्या खोबणीत काळं-जांभळं, बुबुळात एकेक पांढरा ठिपका. मला वाटलं, आता राखणदार जिवंत झाला. तेवढं मात्र खरं निघालं.

हळदीच्या सकाळी पाणी आणणाऱ्या बाया दारापर्यंत आल्या आणि हंड्यांसकट मागच्या दाराकडे वळल्या. शेजारच्या अक्कांनी लांबूनच विचारलं, "हाऊ चोपदार शे का डाकीणना नवरा?"

कुणी हसलं नाही. वडील, ज्यांना सारं गाव आबा म्हणे, भिंतीसमोर उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "घटकाभरात पारोळ्याहून नवरदेवाकडचे लोक हळद घेऊन येतील. नवरीच्या दारात काळं पाहून माघारी फिरले, तर पोरीनं कुठं जायचं?"

याहून लहानशा अपशकुनावरून मोडलेली लग्नं मी ऐकली होती. चुन्याची बादली आणली आणि दोन्ही राखणदारांवर कुंचा फिरवला. पण ओला चुना म्हणजे नुसतं पाणी. पांढरा होतो तो वाळल्यावर. हे मला पक्कं माहीत होतं, राखणदाराला कोण सांगणार? तो चुन्याआडून पाहू लागला, आधीपेक्षा फिकट आणि आधीपेक्षा भयंकर. चुन्याचा दुसरा हात दिला, तसा तो पाण्याखाली बुडालेल्या माणसासारखा दिसू लागला. मी पदरानं वारा घालायला चुलतीला बोलावलं. ती आली नाही.

तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली.

सगळ्यांत पुढे नवऱ्याची आत्या, हातात उष्ट्या हळदीचं ताट. पायरीवर तिची नजर वर गेली, पाऊल चुकलं, आणि सावरायला तिनं हळदीनं भरलेला हात भिंतीवर टेकला. नेमका राखणदाराच्या गालावर.

पिवळा पंजा बघता बघता लाल झाला. मग गडद लाल. त्याचा एक ओघळ हनुवटीपर्यंत आला.

वाजंत्री थांबली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "रगत." आत्याबाईंनी ताट छातीशी धरलं आणि एक पाऊल मागे घेतलं. आबांनी माझा दंड पकडला. तो आधारासाठी की मारण्यासाठी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग बहीण बाहेर आली. नवरीनं असं बाहेर यायचं नसतं. तिनं आत्याबाईंच्या ताटात हात घातला, दाराच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथल्या ओल्या राखणदाराच्या कपाळावर पंजा दाबला. तोही लाल झाला.

"आत्याबाई, हळदीले चुना लागना का असंच व्हस," ती म्हणाली. लाल झालेला तळवा तिनं सगळ्यांपुढे धरला. "घरमा कुंकू बी असंच करतस ना?"

आत्याबाईंनी आपला तळवा पाहिला, भिंत पाहिली, मग बहिणीकडे पाहिलं.

"दोन्ही अंगले कुंकू लागनं," शेवटी त्या मागे वळून आपल्या बायांना म्हणाल्या. "आते काय बाहेरच उभ्या ऱ्हाशात?"

आणि उंबरा ओलांडता ओलांडता त्यांनी उरलेल्या हळदीचं बोट बहिणीच्या गालाला लावलं.