अस्वल, फेटा आणि बापू

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौसाळ्याला एका लग्नात जेवायला बसलो होतो. सुमनवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा आवाज अगदी शांत होता. "भाऊजी, हे गेले. सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत..." मी भरल्या ताटावरून उठलो. याला महिना उलटून गेला. रडू त्या दिवशी आलं नाही, ते नंतर आलं, आणि का आलं ते सांगायलाच हे लिहितोय.

बापू आमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी आणि मी चेअरमन. त्याआधी आम्ही धारूरच्या शाळेत एका बाकावर. तेव्हा तो मला "काय बे दिन्या" म्हणायचा. मी चेअरमन झालो त्या दिवशी गळ्यात हार घालताना "चेअरमनसाहेब" म्हणाला आणि तेच धरून बसला. मी म्हटलं, "अरे, असं कावून परकं करतो?" तर म्हणाला, "खुर्चीला मान द्यावा लागतो साहेब." खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. आठवडाभरात अंगवळणी पडलं. संस्थेची सभा असो, सत्कार असो, चारा छावणीचं उद्घाटन असो, मी मधोमध फेटा बांधून उभा आणि बापू समोर कॅमेरा घेऊन. त्यामुळं संस्थेच्या एकाही फोटोत तो नाही. हे माझ्या लक्षात कधी आलं? तो गेल्यावर.

दूध थंड करायचं मशीन बसवलं त्या वर्षी मशीनवाल्यांनी एक कॅलेंडर दिलं होतं. त्यावर बर्फात उभं असलेलं पांढरं अस्वल. बापूनं ते ऑफिसात माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं आणि वर्ष सरलं तरी काढलं नाही. पुढं दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, दूध इतकं आटलं की मशीन बंद ठेवावं लागलं. दुपारभर आम्ही दोघंच टँकरची वाट बघत बसायचो. बापू मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून त्या चित्राकडं बघायचा. "लई पाणी हाय हो साहेब तिथं. नुसतं गोठून पडलंय. एकदा ते अस्वल डोळ्यानं बघायचं हाय. बाकी देवाला काही मागणं न्हाई." मी खो खो हसायचो. "आधी टँकर तर दिसू दे बे!"

हसलो खरा, पण योग आला. बापूचा मुलगा कॅनडात नोकरीला लागला आणि त्यानं आईवडिलांसाठी पार उत्तरेकडची अस्वलं बघायची सहल ठरवली. वहिनींचे गुडघे धरलेले. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी जा संगं. हे एकटे गेले तर त्या अस्वलालाच रस्ता विचारत बसतील." मी तयारच होतो. बॅगेत कानटोपी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी... आणि मी फेटा पण घेतला. बापूनं बघितलं आणि बॅगेची चेन लावली.

तिथं उत्तरेला शेवटच्या गावाच्या पुढं रस्ताच नाही. माणसाच्या उंचीच्या चाकांची गाडी, आणि बाहेर पांढरं माळरान. समुद्र गोठायची वाट बघत अस्वलं किनाऱ्यावर थांबतात, असं गाइड बाईनं सांगितलं. मला तिचं इंग्रजी निम्मं कळलं, ते मी बापूला सांगितलं. तो म्हणाला, "आपल्यावानीच हायेत की. आपण पाणी पडायची वाट बघतो, हे गोठायची." पहिल्या दिवशी खिडकीची जागा त्यानंच मला दिली, "बसा साहेब." मी बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो आणि तिसऱ्याही. दोन दिवस अस्वलाचा पत्ता नव्हता.

तिसऱ्या, शेवटच्या दिवशी ते आलं. चालत चालत थेट आमच्याच खिडकीखाली. बाकीच्या खिडक्यांना माणसं चिकटली. आणि मी काय केलं? पिशवीतून फेटा काढला, डोक्यावर चढवला, खिडकीला पाठ लावून उभा राहिलो आणि बापूला म्हणालो, "काढ फोटो. ऑफिसात लावायचा." बापू काढत राहिला. मी वळलो तेव्हा अस्वल पाठमोरं होऊन लांब चाललं होतं.

गावात आल्यावर लोक बापूला विचारायचे, कसं होतं अस्वल? तो म्हणायचा, "साहेबांना इचारा." आणि मी रंगवून रंगवून सांगायचो. लाज वाटते आता.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याचा मोबाईल माझ्या हातात दिला. "यात तिकडचे फोटो हायेत. समदे तुमचेच हायेत, घ्या." बघत गेलो. सगळीकडं मी, माझा फेटा, आणि फेट्याच्या कडेला कुठं पांढरा कान, कुठं नाक. एका ठिकाणी फोटोऐवजी चुकून व्हिडिओ सुरू झालेला. त्यात बापूचा आवाज. "साहेब, जरा सरता का?" मी म्हणतो, "आधी फोटो काढ." आणि मग हळूच, मी चेअरमन झाल्यापासून पहिल्यांदाच, "दिन्या, सरक की बे. मला दिसंना."

आणि मी फेट्याचा शेमला नीट करतोय. ऐकलंच नाही मी. की ऐकून सोडून दिलं, ते आता मलाही सांगता येत नाही.

वहिनींना विचारलं, "कधी काही बोलला का याबद्दल?" त्या म्हणाल्या, "न्हाई. साहेबांचा फोटो झ्याक आला, एवढंच म्हणायचे."

परत आल्यावर तो फोटो ऑफिसात लावला होता, तो मी काढला. कॅलेंडर आहे तिथंच आहे, त्याच्यासमोर बापूची खुर्ची रिकामीच ठेवलीय. आता गेलो की मी माझी खुर्ची कॅलेंडरपुढून ओढून कडेला घेतो आणि मगच बसतो. नवा सेक्रेटरी विचारतो, "साहेब, असं कोपऱ्यात कावून?" मी त्याला सांगतो, बापूला दिसत नाही रे.