आखणी चालू असताना

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. वडिलांच्या हाताखाली मी आधी माती मळायला शिकलो, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी मूर्ती दहा जणांच्या हातून जाते, डोळे एकाच माणसाने काढायचे असतात. आमच्या कारखान्यात त्याचा एक नियम होता आणि अजून आहे. आखणी चालू असताना आखणीवाल्याच्या पाठीमागून कुणी बोलायचं नाही. चहा आणला तरी समोरून यायचं, कप ठेवायचा आणि निघून जायचं. वडील सांगायचे, मागून हाक आली की हात नाही हलत, मान हलते. मान हलली की डोळा गेला.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावजी, फौजेत हवालदार होते. घर रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत. सुट्टीवर आले की एखादा दिवस पेणला यायचे आणि माझ्या मागे स्टूल घेऊन बसायचे. तिथून हात नीट दिसतो म्हणायचे. दोन-दोन तास बसायचे, एक शब्द नाही.

ते काय काम करतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं: रेशनच्या गोदामावर असतात, पीठ, डाळ, कांदे-बटाटे. तसं त्यांनीच सांगितलं होतं. एकदा मी ब्रश धुवायला उठलो तेव्हा ते म्हणाले, "तुझं नि माझं काम एकच रे."

मी हसलो. "तुम्ही कांद्यांना डोळे काढता काय, भावजी?"

ते हसले नाहीत. मग सावकाश सांगितलं. ते बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात होते. बाकीचे लांब थांबतात, एकटा माणूस पुढे जातो. तो चालायला लागला की मागून कुणी हाक मारत नाही. "घरचं पत्र आलं असलं तरी त्या दिवशी उघडायचं नाय. घर कानात घेऊन पुढं जाता येत नाय," ते म्हणाले. "म्हणून तुझ्या ताईला मी गोदाम सांगितलंय. तिला कळलं तर ती तिकडून बोलत राहणार आणि मला इकडं ऐकू येत राहणार. तू कुणाला सांगू नको."

मी रंगाच्या हाताने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि वचन दिलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. पुढचं सगळं त्या वाटण्यातूनच झालं.

दुसऱ्या वर्षी ते शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेले. तिथे युद्ध संपलं होतं पण जमिनीत पेरलेले सुरुंग तसेच होते. ताई अष्टमीत एकटीच. फोन दर रविवारी यायचा, तोही शेजारच्या किराणा दुकानात. दुकानदाराची बायको गल्ल्यामागे बसून सगळं ऐकायची.

गणपती झाले, कारखाना रिकामा झाला आणि ताई चार दिवस माहेरी आली. स्टँडजवळच्या टॉकीजला एक इंग्रजी सिनेमा हिंदी करून लागला होता. परदेशात बॉम्ब निकामी करणाऱ्या सैनिकांचा. पोस्टर पाहिलं तेव्हाच मी तिथून निघून जायला हवं होतं. मी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली. मला वाटलं, भावजी काय करतात ते निदान मला तरी बघायला मिळेल.

पडद्यावर एक माणूस जाडजूड पोशाख घालून रिकाम्या रस्त्याने चालत होता. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती. ताई पुडीतले शेंगदाणे सोलत होती.

"आमच्या ह्यांना दाखवायला पायजे हा पिच्चर," ती म्हणाली. "म्हणजे कळंल, फौजी कशाला म्हणतात ते."

"का गं?"

"दुकानवाली काय म्हणते ठाऊक हाय? म्हणते, तुझ्या नवऱ्याचा नि माझ्या नवऱ्याचा धंदा एकच गो, फक्त तुझ्याला बंदूक दिलीया. सगळ्या बायका हसल्या. मी पण हसले. काय करू? खोटं थोडीच हाय."

मला ते सहन झालं नाही. त्यांचा अपमान म्हणून सहन झालं नाही असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला जे माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं आणि ते मला पोटात ठेववेना.

"रेशन नाय ताई," मी म्हणालो. "भावजी हेच करतात. तो पडद्यावरचा करतोय ना, तेच."

ती हसली. माझ्या दंडावर चापट मारली. "चल, मस्करी करतो." मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान वळवली नाही. त्याच वेळी पडद्यावर धूर झाला आणि तो जाड पोशाखातला माणूस रस्त्यावर आडवा पडला. शिट्ट्या थांबल्या. ताईच्या मांडीवरची पुडी घसरली. शेंगदाणे खाली सांडत राहिले आणि ती त्या धुराकडे बघत राहिली.

मध्यंतराला आम्ही निघालो. ताई भराभर पुढे चालत होती. घराच्या वळणावर थांबली आणि म्हणाली, "रविवारी फोन आला की इचारू?"

त्या वळणावर मी सगळं सावरू शकत होतो. विचारू नको, असं सांगायचं होतं. ते कामावर असताना घर त्यांच्या कानात गेलं तर काय होईल ते मला ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलं होतं. पण मला तेव्हा एकाच गोष्टीची भीती वाटली: भावजींना कळेल की वचन मी मोडलं.

"विचार," मी म्हणालो. "पण माझं नाव घेऊ नको."

तिने घेतलं नाही. रविवारी पोत्यांच्या मागे उभी राहून, दुकानवालीकडे पाठ करून, तिने त्यांना सांगितलं की तिला स्वप्न पडलं. स्वप्नात ते एकटेच रस्त्याने चालले होते आणि जमिनीतून धूर निघाला. "तुमी खरं काय करता तिकडं?" तिने विचारलं. पलीकडून फोन कट झाला. हे मला ताईनेच सांगितलं. ती रडत होती, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, कारण माझं नाव आलं नव्हतं.

मुदत संपल्यावर भावजी परत आले आणि वर्षाच्या आत फौज सोडली. रोह्यातल्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. ताईला तर हवं ते मिळालं. ती सगळ्यांना सांगायची, "मी इचारलं म्हणून हे फौज सोडून घरी आले." मीही तेच धरून बसलो. माझ्या चुकीतून बहिणीचा नवरा वाचला, आणखी काय हवं होतं?

पण परत आलेला माणूस वेगळा होता. वाटेत पडलेल्या पिशवीवर कधी पाय देत नसत. कपाट उघडायचं असलं तर आधी ताईला बाजूला करत. एकदा शिफ्ट सुटताना गेटजवळ कुणाचा तरी डबा राहिला होता. भावजींनी शिट्टी मारून सगळ्यांना मागे घेतलं, रस्ता अडवला आणि एकटे पुढे गेले. डब्यात वालाचं बिरडं निघालं. त्यानंतर गेटवरची माणसं त्यांना बघून म्हणायची, "काय रेशन, आज बिरडं फुटलं का?" ते ऐकून घ्यायचे. खरं काय ते त्यांनी तिथे कधीच सांगितलं नाही.

कारखान्यात मात्र यायचे. माझ्या मागे, त्याच स्टुलावर. परत आल्यावर सात-आठ वर्षांनी एकदा ते म्हणाले, "ब्रश खाली ठेव जरा."

मी ठेवला. ते बोलले ते मी त्यांच्याकडे न वळता ऐकलं.

त्या रविवारच्या फोननंतर मंगळवारी त्यांची पाळी होती. शाळेच्या वाटेवर काहीतरी सापडलं होतं. ते निघाले, अर्ध्यापर्यंत गेले आणि थांबले. "कानात ती बोलत होती," ते म्हणाले. "धूर, धूर, धूर. पाय उचलंना. मी मागं फिरलो. कधी फिरलो नव्हतो. मग माझा जोडीदार गेला. कोल्हापूरकडचा. माझ्यापेक्षा हुशार. जाताना म्हणाला, उस्ताद, तुम्ही चहा सांगून ठेवा, आलोच." स्टूल करकरलं. "चहा सांगितला होता मी."

पुढे एक ओळ बिनडोळ्यांच्या मूर्ती होत्या.

"बायकांना कसं कळतं रे?" ते म्हणाले. "तिला स्वप्न पडलं ते खरंच होतं. फक्त माणूस दुसरा निघाला."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी ब्रश उचलला. ब्रश हातात घेतला की ते गप्प होणार हे मला माहीत होतं. आमचा नियम मी लपायला वापरला. त्या दिवशी काढलेले डोळे मला आठवत नाहीत, पण कुठल्यातरी घरात त्या डोळ्यांची पूजा झाली असेल.

नंतर कळलं की दिवाळी झाली की ते दरवर्षी त्या जोडीदाराच्या गावी जातात. त्याच्या बायकोला भेटतात, दिवसभर बसतात, संध्याकाळच्या गाडीने परत. तिला एवढंच ठाऊक होतं की तिचा नवरा आपल्या पाळीला गेला आणि परत आला नाही. भावजी मागे फिरले हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर मी अष्टमीला गेलो होतो. भावजी आता थकलेत. आम्ही दोघं कुंडलिका नदीच्या पुलावर फिरायला गेलो. ऊन उतरलं होतं, भरती लागली होती. ते कठड्याला टेकून म्हणाले, "यंदा कोल्हापूरकडं गेलो की तिला सांगणार हाय."

"काय?"

"की ती पाळी माझी होती. आणि मी का फिरलो ते. माझ्या बायकोला स्वप्न पडलं होतं म्हणून. तिला वाईट वाटंल, पण निदान तिला कळंल, की वरूनच तसं ठरलेलं होतं."

मी कठडा धरला. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. तिच्यापुढे हे साठीतले गृहस्थ हात जोडून बसतील आणि माझं खोटं देवाचं म्हणून सांगतील, एवढं मला दिसलं.

"भावजी, स्वप्न नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताईला मी सांगितलं होतं. टॉकीजमध्ये. सिनेमा बघताना. मग तिने विचारलं, फोनवर विचारू का, तर मी विचार म्हणालो. माझं नाव घेऊ नको म्हणालो. म्हणून तिने स्वप्न सांगितलं."

पुलावरून एक टेम्पो गेला. ते पाण्याकडे बघत होते.

"सिनेमा बघताना," ते म्हणाले.

"व्हय."

"म्हणजे मागून तू बोललास."

मी मान हलवली. मला वाटलं होतं ते ओरडतील. मी ओरडण्याची वाटच बघत होतो. ते म्हणाले, "आणि हिला हे सगळं ठाऊक हाय. इतकी वर्षं माझ्या ताटात वाढताना हिला ठाऊक होतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. मी माझ्या मनावरचं उतरवायला गेलो आणि ताईचं गुपित फोडलं. तिने ते माझ्यासाठीच जपलं होतं. तिला न विचारता, दुसऱ्यांदा, मी तेच केलं होतं.

"तिची चूक नाय, भावजी..."

"घरी जाऊ," ते म्हणाले आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागून गेलो. हाक मारली नाही.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. "सांगितलंस व्हय?"

"व्हय."

"मला इचारायचं होतंस रे." ती रडत नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "बोलतात माझ्याशी. जेवतात. पण फोन वाजला की उठून अंगणात जातात. मी कुणाशी काय बोलते ते ऐकायला नको म्हणून." मग म्हणाली, "त्यांना वाटायचं मला देवानं सांगितलं. तेवढ्यावर जगत होते ते. मला दिसायचं."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ठेवते, भात लागंल."

भावजी कोल्हापूरकडे एकटेच जाऊन आले. काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मला विचारायचा हक्क नव्हता.

यंदा सीझन चालू झाला. आषाढात आम्ही आखणीला बसतो. भावजींचं स्टूल मी पुसून माझ्या मागे, नेहमीच्या जागी ठेवलं होतं. ते येतील असं धरून नव्हे. ते उचलून ठेवायची हिंमत नव्हती म्हणून. परवा दुपारी ते आले. दारात छत्री मिटली, चपला काढल्या, ओळीने ठेवलेल्या मूर्ती पाहिल्या. मग स्टूल उचललं आणि फिरून माझ्या समोर आणून ठेवलं, मूर्तीच्या पलीकडे, जिथून त्यांचा चेहरा मला दिसेल. आणि बसले.

माझ्या हातात ब्रश होता. तो मूर्तीपर्यंत नेता येईना.

"सांगितलं तिला," ते म्हणाले. "सगळं. पाळी माझी होती, मी भ्यालो, मागं फिरलो. स्वप्नाचं नाय सांगितलं."

"काय म्हणाली?"

"उठून आत गेली. मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसलो. आली नाय बाहेर."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. ते माझ्या हाताकडे बघत होते. ब्रश अजून हवेतच होता.

"काढ," ते म्हणाले. "तुझं नाव मी घेतलं नाय."