दाराबाहेर उभं राहून घेतलेले स्पीकर

भंडाऱ्याच्या त्या दुकानात होम थिएटर ऐकवायला एक वेगळी खोली आहे. काचेचं दार, खाली गालिचा, मऊ सोफा. दुकानदाराने मला सोफ्यावर बसवलं, पंखा बंद केला आणि समोर कसलीशी लढाई लावली. घोडे माझ्या पाठीमागून आले आणि टीव्हीतून पुढे निघून गेले. आता बाई चकित होणार म्हणून तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी उठले, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

तो मागोमाग आला. "मॅडम, लोकं आत बसून ऐकतेत जी."

"ऐकू द्या. मले इथूनच ऐकायचं आहे."

त्याला काय सांगणार होते? आमचं पवनी गावातलं घर शेजारच्या घराला एका भिंतीने चिकटलेलं आहे. पलीकडे वहिनी राहतात. नात्यातल्या नव्हेत, गल्लीच्या वहिनी. मुलगा, सून, नातवंडं असं त्यांचं भरलं घर. अलीकडे मी आणि माझी आई. आई शेवटची काही वर्षं ठार बहिरी होती. कानाचं यंत्र डबीत आणि टीव्हीचा आवाज आभाळात, असा तिचा कारभार. संध्याकाळी मालिका सुरू झाली की थोड्याच वेळात वहिनी दारात हजर.

"बुढीले ऐकू नाही येत, तं साऱ्या गल्लीले काहून ऐकवता जी?"

उभ्या उभ्या भांडणं त्यांना मान्य नव्हतं. ताटात सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊनच यायच्या, उंबऱ्यावर बैठक मारायच्या आणि काड्या निवडता निवडता भांडायच्या, म्हणजे भांडण लांबलं तरी वेळ वाया जायला नको. मीही काही कमी नव्हते. त्यांच्या बकरीने माझी जास्वंद खाल्ली होती, त्यांच्या वाळत घातलेल्या धुण्याचं पाणी माझ्या ओट्यावर गळायचं. माझ्याकडे भात्यात बाण भरपूर. आईला आमचे फक्त हात दिसायचे. दोघी किती गोडीने बोलतात असं वाटून ती खूश व्हायची आणि मला सांगायची, "चहा टाक ना तिच्यासाठी." मग चहा व्हायचा. मालिका संपायची, वहिनी ताट उचलून निघायच्या, आणि उद्याचं भांडण उद्यावर.

शाळेत मी खडूस बाई म्हणून नाव कमावलं होतं. मुलंच काय, मुख्याध्यापकही माझ्याशी जपून बोलत. मी निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली, आणि तेव्हापासून सगळं गाव माझ्याशी फार चांगलं वागायला लागलं. दूध पातळ आहे म्हटलं की दूधवाला म्हणतो, "हो बाई, चुकलं." भाजीवाली न मागता मूठभर जास्त टाकते. वहिनी सुनेच्या हाती झाकलेली वाटी पाठवतात, स्वतः येत नाहीत. कारण माझ्या घरातून आता आवाजच नाही. आईचा जुना टीव्ही तिच्यामागे महिनाभरात बिघडला. नवा आणला तो भिंतीवर टांगायचा पातळ, आणि त्याचा आवाजही त्याच्यासारखाच. पूर्ण मोठा केला तरी स्वयंपाकघरात जाईपर्यंत विरतो. वहिनींपर्यंत कुठला पोचणार?

मला वहिनी दारात हव्या होत्या, रागावलेल्या. सरळ जाऊन "या ना बसायला" म्हणता आलं असतं. पण तसं बोलावलं की माणूस पाहुणा होऊन येतो, चांगलं नेसून, आणि तब्येतीची चौकशी करून जातो. ते तर मला फुकट मिळत होतंच.

दुकानदाराने आधी एक लांब पट्टी दाखवली. तिला साउंडबार म्हणतात. "घरी किती जण आहा?" त्याने विचारलं.

"घर भरलेलं आहे," मी म्हणाले. कोणाचं ते त्याने विचारलं नाही.

मग तो पाच लहान स्पीकर आणि एक मोठा चौकोनी वूफर यांच्यावर आला. समोरचे इतके, मागचे इतके, मधला बोलण्यासाठी, वूफर दणक्यासाठी. प्रत्येक संच लावला की मी बाहेर. दोन-तीन फेऱ्यांत माझ्या लक्षात आलं की माणसांचं बोलणं दाराच्या आतच राहतं, घोड्यांच्या टापा अर्ध्या येतात, आणि वूफरचा ढम मात्र भिंतीतून थेट पाठीच्या कण्यात उतरतो. मी म्हणाले, लहान स्पीकर कुठलेही द्या, वूफर सगळ्यांत मोठा द्या.

त्याने प्रामाणिकपणे सावध केलं. "पण मॅडम, शेजारची भिंत लागून असन तं तिकडं नका ठेवू. कोपऱ्यात तं बिलकूल नाही, लय घुमते. शेजारी भांडायले येतील."

"येतील ना नक्की?" मी विचारलं आणि तोच घेतला.

बसवायला आलेल्या माणसाने वूफर टीव्हीशेजारी ठेवला होता. तो गेल्यावर मी तो ढकलत ढकलत सामाईक भिंतीच्या कोपऱ्यात नेला. संध्याकाळी मला मुळीच न आवडणारा हाणामारीचा सिनेमा लावला. फळीवरची ताटं थरथरायला लागली. मी कानात कापूस घातला, गॅसवर दोन कपांचं आधण ठेवलं आणि दाराकडे तोंड करून बसले. आधण आटलं. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी आवाज आणखी वाढवला. पुढे पुढे नायक कोण नि खलनायक कोण हेही बघणं सोडलं. मला वहिनींचा खरोखर राग यायला लागला. एवढ्या वर्षांची ओळख, आणि साधं भांडायलाही येऊ नये माणसाने?

मग भीती वाटली. आजारी तर नसतील? एका दुपारी मीच गेले. वहिनी मागच्या अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत ठणठणीत बसल्या होत्या. "या जी बाई, बसा," म्हणत त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

"आमच्या घरचा आवाज येते का तुमच्याकडं?"

"येते ना. मजबूत येते. भिंत हालून राहते."

"मंग?"

"मंग काय? माझी खाट मागच्या खोलीत टाकली. नातवाचा अभ्यासाचा टेबल तिकडंच नेला. तुम्ही लावत जा जी, तुमचं मन रमते. गल्लीतबी सांगून ठेवलं, बाईले कोणी काही म्हणू नका."

माझ्याच्याने राहवलं नाही. "तुम्ही भांडायले काहून नाही आल्या?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"एकट्या माणसाशी कोणी भांडते का जी? तुमची माय होती तवाची गोष्ट येगळी."

मी एकटी आहे हे मला अजून पुरतं पटलेलं नव्हतं. गल्लीचं मात्र केव्हाच ठरलं होतं, आणि त्याप्रमाणे वहिनींची खाटही सरकली होती. माझ्या वूफरचा ढम रोज संध्याकाळी त्या भिंतीतून एका रिकाम्या खोलीत जात होता.

सुनेने चहा आणला. वहिनींनी माझा कप आधी घेतला, साखर नीट ढवळली आणि आजाऱ्याच्या हाती द्यावा तसा माझ्या हाती दिला. चहा साखरेने नुसता गोडमिट्ट झाला होता. आईच्या वेळी मी त्यावरून सुनेला, सासूला आणि त्यांच्या माहेरच्यांना ऐकवलं असतं. मी तो सगळा प्यायले, "छान झाला" म्हणाले आणि घरी आले.