केटी नाही, इंटर्नशिप!

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये वडापाव खात होतो. घास तोंडातच राहिला... टेमघरला, राहत्या घरी, हृदयविकाराचा झटका. भिवंडीच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवायचो. ती रसायनशास्त्र, मी भौतिकशास्त्र. ‘काय पाटील, निघालात आंबे खायला?’ असं ती दर उन्हाळ्यात टोचायची, आणि मी खरंच निघालेलो असायचो. तिच्या उत्साहाला मात्र सुट्टी लागली की ऊत यायचा. दिवसा फुकट जाणारं ऊन रात्रीसाठी साठवायचं कशात, हा तिचा ध्यास. कॉलेजच्या मागच्या छोट्या लॅबमध्ये ती सोडियमच्या नाण्याएवढ्या बॅटऱ्या बनवून बघायची आणि त्यासाठी मुलींना इंटर्न म्हणून घ्यायची. पण आमच्याकडे मे महिन्यात कॉलेजला जाणारी मुलगी म्हणजे केटी लागलेली मुलगी! शेजारीण विचारणारच, ‘किती विषय राहिले गं?’ आईबाप लाजेनं नकोच म्हणायचे. मग प्रज्ञा रिक्षा करून कामतघरच्या चाळीत, दापोड्याच्या आळीत जायची आणि दारातूनच, चार घरांना ऐकू जाईल असं ओरडायची, ‘केटी नाही हो, इंटर्नशिप! हुशार आहे म्हणून नेतेय!’

यंदा तिनं दापोड्याच्या मानसीच्या वडिलांना असंच राजी केलं होतं. ते गोदामात हमाली करतात. शोकसभेत ‘मॅडमचं काम पुढे नेऊ’ असं मी मंचावरून ठासून बोललो, आणि खाली उतरतो तोच मानसीनं विचारलं, ‘सर, आपलं मेमध्ये आहे ना?’ मी म्हणालो, ‘यंदा लॅब बंद.’ कुणी केली होती बंद? कुणीच नाही! मला गावचं तिकीट रद्द करायचं नव्हतं, आणि बॅटरीतलं मला फारसं कळत नाही हे पोरींसमोर उघडं पडायला नको होतं, बस्स.

थोड्या दिवसांनी मानसीचे वडील स्टाफरूमशी आले. चपला बाहेर काढून दारातच उभे. ‘सर, आळीत समद्यांना सांगून बसलो, पोरीला केटी न्हाय, मॅडम नेतात. आता घरी बसली तं लोक काय बोलतील? मॅडम न्हाय, समजलं. पन तुमी हाय ना?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोललोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. उलट तेच हात जोडत होते, त्रास दिला म्हणून...

परवा लॅब उघडली. मानसी आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या. आत जीव नकोसा करणारा उकाडा; मी आधी पंखा लावला. मानसीनं लगेच बंद केला.

‘सर, वजन करताना पावडर उडते. लॅब दाखवायला आणलं होतं तेव्हा मॅडमनी आम्हाला पंख्यावरूनच झापलं होतं.’

भिवंडीच्या मे महिन्यात ही बाई या खोलीत बिनपंख्याची उभी राहायची, आणि मी गावी पंख्याखाली लोळत तिला वेडी म्हणायचो! घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला. मानसीनं काट्यावरून मान वर करून पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाली, ‘सर, तुम्ही बसा ना बाहेर. आम्ही करतो.’

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी बाहेर गेलो नाही.