रविवार पाळणारं यंत्र

लेसिएली आमच्या बोट कंपनीची कंप्युटरवाली. तिकिटाच्या खिडकीत मी बसते, त्यामुळे तिचे सगळे उपद्व्याप आधी माझ्याच डोक्यावर आदळतात. इथं टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या ऑफिसातला जुना सर्व्हर खाऱ्या हवेनं गंजून सारखा आचके द्यायचा. म्हणून तिनं तिकिटं, प्रवाशांची नावं, बोटींवरून उपग्रहानं येणारा ठावठिकाणा नि निरोप, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या यंत्रावर नेलं. जितके तास चालू तितके पैसे; पहिलं बिल बघून मालकाचं तोंड उतरलं. मग तिनं शक्कल काढली. शनिवारी मध्यरात्री सगळं आपोआप बंद, सोमवारी पहाटे चालू. टोंगात रविवारी कामाला कायद्यानंच बंदी, बोट सोडतंय कोण? तिचे वडील आमच्या चर्चचे पाद्री. त्यांनी प्रवचनात कौतुक केलं, "माझ्या मुलीचं यंत्रसुद्धा रविवार पाळतं."

मग तो वादळी शनिवार आला. हापाई बेटांहून संध्याकाळी यायची बोट आलीच नाही. मध्यरात्रीपर्यंत ती यंत्रावर वाटेतच दिसत होती; मग यंत्र ठरल्यावेळी बंद झालं आणि पाठोपाठ रेडिओही मुका झाला. बोटीवर लेसिएलीची आई होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघी चर्चच्या गायकांत शेजारी उभ्या होतो. चर्चच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटया नीट गुंडाळलेल्या. ऑकलंडहून तिच्या भावाचे फोनवर फोन येत होते.

"चालू कर ना ते यंत्र," मी कुजबुजले.

"बाबा म्हणाले, आज कामाला हात लावायचा नाही. देव बघेल."

"देव बघेलच गं. आपल्याला कसं दिसायचं?"

मला तिचा राग आला होता. तिच्या वडिलांचा त्याहून जास्त.

गाणं अर्ध्यावर असताना तिनं सूर सोडला आणि सगळ्यांच्या देखत फोन घेऊन बाहेर गेली. तिचे वडील बायबल वाचायला उभे राहिले, पण एकच ओळ दोनदा वाचली. माझी नजर दारावरून हलेना. यंत्र जागं झालं तरी बोटीकडून ठावठिकाण्याची खूण यायला हवी. ती आलीच नाही तर? बाकांवर बसलेल्या कितीतरी जणांची माणसं त्या बोटीवर होती.

लेसिएली दारात आली.

"सांग," वडील व्यासपीठावरूनच म्हणाले.

"नोमुका बेटाच्या आडोशाला नांगर टाकलाय, बाबा. कप्तानाचा निरोप आलाय. सगळे सुखरूप आहेत."

त्यांनी बायबल मिटलं आणि तिथंच पायरीवर बसले. मी हमसून हमसून रडले, लपवलं नाही.

"बंद करू आता?" लेसिएलीनं विचारलं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे चालू. फोन इकडे आण, मला बघू दे."