अंगणाच्या मधोमध झाकण

एर्मेलिंदाबाई सेप्टिक टाकीच्या झाकणावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि गवंड्याने तीनदा विनवूनही उठत नव्हत्या. नात यारेलीच्या पंधराव्या वाढदिवसाला चारच दिवस उरले होते. निकोयात पोरगी पंधराची झाली की निम्मं गाव जेवायला येतं. जावई विल्बर्थला त्यासाठी अंगणभर सलग, गुळगुळीत फरशी हवी होती.

"सासूबाई, लोकांनी नाचायचं कुठे? तुमच्या गटारावर?"

"गटार नाही, टाकी आहे. वर फरशी बसवलीत तर उघडायची कशी?"

"पण उघडायची कशाला?"

"नाक दाबायची वेळ आली की कळेल, जावईबापू."

ही टाकी त्यांनी नवऱ्याच्या बरोबरीने खणली होती, लेक पोटात असताना. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर डिसेंबरात बाई स्वतः झाकण काढत, लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून आत सोडत आणि ते कुठवर काळं झालं यावरून गाळ मोजत. टाकी गाळाने तिसरा हिस्सा भरली की उपसणारी गाडी बोलवत. संडासात वापरलेला कागद टाकायला टोपली होती, नाहीतर पाइप तुंबायचा. पाहुणा कितीही बडा असो, ती दाखवल्याशिवाय त्याला आत सोडत नसत. शेजारच्या तोमासाबाईंनी टाकीवर निळी फरशी घातली, टाकी नेमकी कुठे तेच विसरल्या आणि शेवटी अर्धं अंगण फोडून बसल्या. तरी गाव हट्टी म्हणायचं ते एर्मेलिंदाबाईंनाच. त्याचा त्यांना संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा.

अखेर गवंड्याने झाकण सोडून फरशी बसवली. विल्बर्थ दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी ऐंशी माणसं आली. बाई केळीच्या पानात शिजणाऱ्या तमालेच्या पातेल्यापाशी अडकल्या होत्या, त्यामुळे टोपली दाखवायला कुणीच नव्हतं. तासाभरात संडास तुंबला आणि पाणी उंबऱ्याला लागलं. रीत अशी, की लेकीच्या पायात पहिल्यांदा उंच टाचांच्या सँडल बापाने घालायच्या, मगच नाच सुरू व्हायचा. त्या सँडल हातात घेऊन उभ्या विल्बर्थच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. आजवर त्याने त्यांना अशी हाक मारली नव्हती. "आई, काहीतरी करा."

"त्या सँडल ठेवा आणि झाकण उचला."

वाजंत्रीवाल्यांनी नाकाला रुमाल लावले. बाईंनी नवा झगा गुडघ्यापर्यंत खोचला, घराकडून टाकीत येणाऱ्या पाइपाच्या तोंडात काठी घातली आणि दोन-चार हिसके दिले. कागदाचा बोळा सुटला, पाणी गुडगुडत उतरलं. पाच मिनिटांचं काम.

"कळलं, कशाला उघडायची?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. विल्बर्थने झाकण लावलं.

तोवर यारेलीने आजीची खुर्ची ओढत आणली, बरोबर झाकणावर ठेवली आणि गुलाबी घेर सावरून बसली.

"पपा, सँडल इथेच घाला."

विल्बर्थने एकदा सासूकडे पाहिलं. मग पांढऱ्या पँटीची पर्वा न करता तो त्याच झाकणावर गुडघे टेकून बसला.